वाचून सही केली

सातवीपासून पुढे माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी आईची सही आहे. त्याआधी बाबांची असायची, आणि ती सही बघण्यासारखी होती. पहिलं अक्षर मोठं, शेवटच्या अक्षराला मागे ओढलेली लांब शेपटी, खाली दोन टिंबं. बाबा नववीपर्यंत शिकलेले. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा शाळा सुटली, पण सहीची हौस सुटली नाही. जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर त्यांनी ती घटवलेली मी पाहिली आहे.

मी सहावीत असताना त्यांनी सही करणं सोडलं. बँकेचा फॉर्म असो, रेशनचा असो, गॅसची पावती असो, एकच उत्तर. "आईकडे दे." आईला लिहिता येतं ते नावापुरतंच. ती जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जोडत सही करायची आणि बाबा भिंतीकडे बघत बसायचे. आमच्या घरावर जे ओढवलं ते एका सहीमुळे ओढवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं.

घाटकोपरच्या डोंगरावर, पायऱ्या चढून गेलं की आमची खोली. बाबा साकीनाक्याला एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होते. बादल्या, मग, टोपल्या. कंत्राटी काम, पण दहा वर्षं एकाच मशीनवर. मी चौथीत असताना एका संध्याकाळी ते सुटून बसस्टॉपवर उभे होते. ओळखीचा एक हवालदार आला. रोज एकाच टपरीवर चहा प्यायची ओळख. म्हणाला, "काका, पाच मिनिटं या ना. पंच पाहिजे. एक सही करायची फक्त."

बाबा चौकीत गेले. टेबलावर काही मोबाइल ठेवलेले, एक माणूस खाली बसवलेला, कागद लिहून तयार. चहा आला. बाबांनी दाखवलं तिथे तिथे सही केली, शेपटी आणि टिंबांसकट, आणि चहा संपवून निघाले. घरी येऊन आईला म्हणाले, "आज साहेबांनी खुर्ची दिली बसायला." कौतुकानं सांगितलं. मला आठवतंय, कारण त्या दिवशी ते भजी घेऊन आले होते.

पोलीस एखादी वस्तू जप्त करतात, झडती घेतात, तेव्हा दोन बाहेरची माणसं साक्षीला लागतात. ती पंच. जे घडलं ते लिहून काढायचं, तो पंचनामा, आणि पंचांनी खाली सही करायची. पुढे खटला उभा राहिला की कोर्टात जाऊन 'हे माझ्यासमोर घडलं' असं सांगायचं. हे मी आज तीन ओळींत सांगते आहे. बाबांना त्यातलं शेवटचं वाक्य कोणी सांगितलं नव्हतं.

समन्स आलं वर्षभरानं. मग दुसरं, मग तिसरं. दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहायचं, आणि संध्याकाळी कळायचं की आज आरोपीचे वकील आले नाहीत, आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. कंत्राटदारानं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "तुम्ही कोर्टातले मोठे माणूस, आमच्या बादल्या कशाला काढता? तिकडेच राहा." मशीन दुसऱ्याला दिलं. बाबा मग जमेल तिथे हमाली करायला लागले. आईनं घरी इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम आणलं. चिमट्यानं खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर ठेवायचा. मीही चिकटवायचे. आमच्या खोलीला कित्येक वर्षं त्या गोंदाचा वास होता, आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकात अजून एक हिरवा खडा घट्ट बसलेला आहे.

शेवटी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी लाखेचं सील लावलेलं पाकीट पुढे केलं आणि विचारलं, "हे तुमच्यासमोर सील केलं?"

बाबा म्हणाले, "लेबलावर सही माझी आहे. सील माझ्यासमोर केलं नाही."

"पंचनामा वाचला होता?"

"नाही."

खरं ते सांगितलं. वकील वैतागले, आणि बाबांना फितूर साक्षीदार ठरवून त्यांनाच उलटसुलट प्रश्न विचारले गेले. पुढे तो आरोपी सुटला. आता यात गंमत अशी, की चोरीला गेलेले मोबाइल आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रिपेअरिंगच्या दुकानातले होते. दुकानदाराला बातमी कळायला किती वेळ लागणार? मी दूध आणायला खाली उतरले की तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "बघ, फितूरची पोरगी चालली. बापाला सांग, चोराकडून पार्टी घे म्हणावं."

मी घरी येऊन रडायचे. बाबा एकदाच म्हणाले, "खोटं बोललो असतो तर त्याने मला चहा पाजला असता." आणि तेव्हापासून सही बंद.

*

बारावीनंतर मी गुन्हेशास्त्र घेतलं. हे मी ठरवून वगैरे केलं नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू? पार्ल्याच्या एका कॉलेजात बीएचा अर्ज भरायला गेले, विषयांची यादी बघितली. 'गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्याय' हे शब्द वाचले आणि बोट तिथेच थांबलं. आईला सांगितलं तर तिच्या हातातला चिमटा खाली पडला. "अगो, जगात दुसरे विषय मेले काय? कोर्टाचं नावसुद्धा या घरात नको."

बाबांनी हात पुढे केला. फॉर्म घेतला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि आईकडे सरकवला. "कर सही," म्हणाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नाही. अटेंडन्स म्हणजे काय, सेमिस्टर म्हणजे काय, लायब्ररीचं कार्ड कुठे मिळतं, हे विचारायला माणूस नाही. पहिल्या वर्षी मी प्रोजेक्टची फाइल वाण्याकडच्या वहीच्या कव्हरात घालून दिली होती. मुलींनी हसून घेतलं. इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचायला मला अर्धी दुपार लागायची. पण खडे चिकटवलेल्या हाताला एका जागी बसायची सवय असते. मी बसले.

दुसऱ्या वर्षी एक दिवस आमच्या मॅडम झडतीची कलमं शिकवत होत्या. सडपातळ बाई, खडू मोडून अर्धाच वापरायच्या, कोणी 'मॅम' म्हटलं तर 'मॅडम म्हण' सांगायच्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, की झडतीच्या वेळी त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर असले पाहिजेत. मी वहीत उतरवून घेतलं आणि पेन थांबलं. प्रतिष्ठित. कायद्यात हा शब्द आहे. साकीनाक्याच्या बसस्टॉपवरून उचलून नेलेला माझा बाप कायद्याच्या पुस्तकात प्रतिष्ठित रहिवासी होता, आणि हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी वही त्यांच्या समोर धरली. "बाबा, वाचा. हे तुमच्याबद्दल आहे."

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. मनातून हलले की त्यांची मालवणी बाहेर येते. म्हणाले, "असा? मगे कोर्टात पण एक खुर्ची तरी देवची होती."

आई हसली. त्या विषयावर आमच्या घरात कोणी हसलं ते पहिल्यांदाच.

*

तीन वर्षांनी साधी पदवी घेऊन बाहेर पडता येत होतं. चौथं वर्ष केलं, स्वतः संशोधन करून प्रबंध लिहिला आणि तो परीक्षकांपुढे टिकला, तर ऑनर्स. माझे मार्क त्यासाठी पुरेसे होते. दुसरीकडे अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरीचं नक्की होत होतं. आईचे डोळे खडे चिकटवून थकलेले. तिला नोकरी पाहिजे होती, आणि तिचं काय चुकलं?

"एक वर्ष आई. फक्त एक," मी म्हटलं.

"आणि नाय जमला तर?"

"तर साधी पदवी. जे आता मिळतंय तेच, वर्षभर उशिरा."

"म्हणजे वर्ष पाण्यात."

"हो. पाण्यात."

मी गोड बोलून काही लपवलं नाही, म्हणून असेल, ती कबूल झाली. नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

प्रबंधाचा विषय मी घेतला, पंच. मुंबईच्या उपनगरांत पंच म्हणून सही केलेल्या साध्या माणसांचं पुढे काय होतं? मॅडमना आवडला. त्यांना मी बाबांबद्दल सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वडिलांना नमुन्यात धरायचं नाही. तुझं मन तिथे गुंतलंय. पण हे लपवायचंही नाही. त्यांची परवानगी असेल तर प्रस्तावनेत स्पष्ट लिही." मग संमतीपत्र तयार झालं. कोणाची मुलाखत घ्यायची असेल तर त्याला संशोधनाचा हेतू सांगणारा कागद द्यायचा, आणि त्यावर त्याची सही घ्यायची. मी मराठीत सुंदर दोन पानी कागद तयार केला. झेरॉक्स काढायला खाली गेले. डोंगराखाली तेव्हा झेरॉक्सचं मशीन एकाच ठिकाणी होतं. बरोबर, त्याच मोबाइलच्या दुकानात.

दुकानदार आता म्हातारा झाला होता, पण तोंड तेच. प्रती काढता काढता वाचत होता. "पंच? अगं, आधी घरातल्या पंचाला विचार की."

"काका, प्रती किती झाल्या ते सांगा."

मग मी फिरले. घाटकोपर, मुलुंड, मानखुर्द, पार खारदांड्यापर्यंत. ओळखीतून ओळख काढत, रिक्षावाले, सोसायटीचे वॉचमन, एक इस्त्रीवाला. माणसं भेटायची, चहा द्यायची, बोलायला सुरुवातही करायची. आणि मी पिशवीतून कागद काढला की संपलं.

"हे काय?"

"काही नाही काका, फक्त इथे सही. नंतर बोलू."

एकानं कागद हातात न घेता माझ्याच पिशवीत परत घातला. इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, बोलतो मी, पण सही नाही. मेलो तरी नाही." मुलुंडचा रिक्षावाला तर रिक्षा चालू करून निघून गेला, मी आत बसलेली नाही हे बघितलं एवढंच. खारदांड्याला मासळी विकणारी एक मावशी होती. ती भेटली तेव्हा कोळंबी सोलत होती. तिनं ओल्या हातानं कागद उलटा करून दुसरी बाजू बघितली, आणि म्हणाली, "बाय, या कागदात पापलेट बांधून देव काय?"

तीन महिने गेले. माझ्याकडे प्रस्तावना होती, संदर्भांची यादी होती, आणि मुलाखत एकही नव्हती. मॅडमनी सांगितलं, दिवाळीपर्यंत मुलाखती झाल्या नाहीत तर प्रबंध उभा राहणार नाही. म्हणजे ऑनर्स नाही. म्हणजे आईला सांगितलेलं पाणी.

रविवारची दुपार होती. मी कोरे फॉर्म जमिनीवर पसरून बसले होते. आई शेजारी खडे चिकटवत होती. बाबा आंघोळ करून आले, वाकून एक फॉर्म उचलला आणि दाराच्या उजेडात उभं राहून वाचायला लागले. पूर्ण वाचला. मग म्हणाले, "तू यांना काय सांगतंस कागद देताना?"

"हेच, की फक्त इथे सही करा, मग बोलू."

त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "अगो, माका हवालदारान जा सांगलेला, ताच तू सांगतंस."

मी पसरलेले फॉर्म गोळा करायला लागले.

"ज्येंची एका सहीन वाट लागली, तेंच्याकडे जाऊन तू परत सहीच मागतंस? आणि ती पण बोलायच्या आधी?" मग आवाज खाली आणून, साध्या मराठीत, "त्यांना वाचायला वेळ दे. समोर बसून राहू नको. माणूस समोर असला की वाचता येत नाही."

"का?"

"वाचत बसलो तर समोरच्याला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. त्याने आपल्याला चहा दिलेला असतो."

आईनं चिमटा खाली ठेवला. "तेवढ्यासाठी नाय वाचलंत तेव्हा? चहासाठी?"

"चहासाठी नाही गं. लाजेसाठी."

एवढं सोपं होतं, आणि तीन वर्षं कायदा शिकून मला ते सुचलं नव्हतं.

सोमवारी मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा सगळ्यात मोठा निष्कर्ष तू मुलाखतीशिवाय मिळवलास. आता कॉलेजच्या संशोधन-नीती समितीला अर्ज कर. सहीऐवजी तोंडी संमती, रेकॉर्ड केलेली." समितीनं दोन शंका काढल्या, एकदा परत पाठवला, आणि मग मंजूर केला. नवीन पद्धत अशी, की पहिल्या दिवशी फक्त कागद द्यायचा आणि निघायचं. पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे पाण्याचं बाबांनी घातलं. दोन दिवसांनी परत जायचं, काय कळलं नाही ते विचारायचं, आणि मग बोलायची तयारी असेल तर मोबाइलवर आवाजात 'हो' घ्यायचं. कागद त्यांच्याकडेच ठेवायचा.

खारदांड्याला मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा मावशीनं लांबूनच ओरडून विचारलं, "आज परत सही काय?"

"नाही मावशी. कागद ठेवते आणि जाते. घरी कोणाकडून तरी वाचून घ्या."

"आणि मंग?"

"मग काही नाही. परवा येते. नको म्हणालात तर परत जाते."

"तिकिटाचं पैसं फुकट जातील तुझं."

"जाऊ देत."

परवा गेले तर तिनं सुनेकडून कागद वाचून घेतला होता. एका वाक्यावर बोट ठेवून तिनं मला दम दिला. "हितं लिवलंय माझं नाव येनार नाय. खरंच येनार नाय ना?" मी खरंच येणार नाही म्हणाले. मग तिनं आतून प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात रेशनकार्डाबरोबर तिचं समन्स होतं, घड्या पडून पारदर्शक झालेलं. एका बाईच्या घराची झडती घ्यायची म्हणून बाई पंच हवी होती, तर हिला बाजारातून पाटीसकट नेलं होतं. "ते लिवत बसले, लिवत बसले, आन् माझा बर्फ वितळला. मंग मी म्हटलं, द्या हिकडं, करते अंगठा, मना जाऊ द्या." ती दोन तास बोलली. निघताना मला बांगडे दिले. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घे गो. आता काम झालंय. आता लाच नाय ती."

मग दार उघडलं तसं उघडतच गेलं. इस्त्रीवाला बोलला. मुलुंडचा रिक्षावाला स्वतः फोन करून बोलला. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण कुठेतरी ते एक वाक्य यायचंच. वाचायला कोणी अडवलं नव्हतं. वाचायला बरं वाटलं नाही.

*

राहिली प्रस्तावना. बाबांबद्दल मी दीड पान लिहिलं होतं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्यांची परवानगी घ्यायची होती, म्हणून ते दीड पान मी त्यांना दिलं आणि स्वतःच केलेला नियम पाळला. निघून गेले. शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले. दोन दिवस विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पानावर एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. मी लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांना पंचनामा वाचू दिला गेला नाही.'

"ह्या खोटा," बाबा म्हणाले.

"बाबा, म्हणजे तसंच झालं ना. घाई केली त्यांनी."

"माका कोणी अडवूक नाय. कागद माझ्या हातात होतो. मी वाचूक नाय. जा घडला ता लिव."

"पण त्यात तुमची चूक दिसते."

"माझी पण होती. त्यांची होती, माझी पण होती. कोर्टात मी एवढंच सांगितलं होतं, आणि त्यासाठी सगळं गेलं. आता तुझ्या पुस्तकात मी वेगळं सांगू?"

मी बापाची बाजू घेताना कागदावर तेच करत होते जे त्या पंचनाम्यात झालं होतं. जे घडलं नाही ते घडलं म्हणून लिहीत होते, चांगल्या हेतूनं. मी ओळ खोडली. लिहिलं, 'माझ्या वडिलांनी पंचनामा वाचला नाही. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून त्यांनी तो वाचला नाही.' नवीन पान छापून आणलं. त्यांनी तेही पहिल्यापासून वाचलं, जसं काही पहिल्यांदाच बघतायत.

मग म्हणाले, "पेन दे."

"सही लागत नाही बाबा. तोंडी चालतं आता. समितीनं—"

"पेन दे गो."

आई काम थांबवून बघत होती. बाबांनी पान खुर्चीवर ठेवलं, खाली बसले, आणि सही केली. शेपटी पूर्वीएवढी लांब आली नाही. दोन टिंबं दिली. पंचनाम्यात सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहितात, तशी त्यांनी बाजूला लिहिली. वाचायला सुरुवात, सकाळी सव्वादहा. वाचून संपलं, पावणेअकरा. खाली लिहिलं, 'वाचून सही केली.' तेच पान मी प्रबंधात लावलं.

दीड पानाला अर्धा तास. आई म्हणाली, "एवढा येळ लग्नाच्या वेळी माझा फोटो बघूक तरी लावलात काय?"

*

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक निवृत्त वकील होते. जाड चष्मा, हातात माझा प्रबंध, पानापानाला चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आता नव्या कायद्यानं झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. तुमच्या पंचांचा प्रश्न सुटला. मग या प्रबंधाचा उपयोग काय?"

मॅडम खाली बघत होत्या. मी म्हटलं, "सर, रेकॉर्डिंगमध्ये सही करणारा हात दिसेल. त्याआधी तो कागद पंचाच्या हातात किती वेळ होता, तेही दिसलं पाहिजे. पंचनाम्यात सुरू आणि संपल्याची वेळ असते. वाचायला दिल्याची आणि वाचून झाल्याची वेळ नसते. ती लिहावी, एवढीच माझी शिफारस आहे."

"ही कल्पना कुठून आली?"

"प्रस्तावनेच्या खाली आहे सर. वडिलांच्या सहीशेजारी."

त्यांनी पान उलटलं. सहीशेजारच्या वेळा वाचल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मी तीस वर्षांत शंभर पंचांना विचारलं असेल, वाचलं होतं का. का वाचलं नाही, हे एकालाही विचारलं नाही." आणि पुढचा प्रश्न संदर्भसूचीतल्या एका चुकीवर विचारला. चूक होतीच. मी मान्य केली.

निकाल लागला त्या सकाळी आमच्या खोलीत नेटवर्क येईना, म्हणून मी खाली उतरले. मोबाइलच्या दुकानात दुकानदारानं कॉम्प्युटरवर माझा नंबर टाकला. बाबा माझ्यामागे उभे होते. निकालाचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला तो दुकानदारानंच आधी हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. मग माझ्याकडे न देता बाबांकडे दिला. काउंटरच्या आतलं स्टूल उचलून बाहेर ठेवलं. "बसून वाच," म्हणाला. बाकी काही बोलला नाही. माफी वगैरे नाही. तो तसला माणूस नाही.

बाबा बसले. नाव, बैठक क्रमांक, विषय, खालच्या बारीक टिपा, सगळं वाचलं. पाठीमागची बाजूही बघितली. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती, ती थांबू दिली.

मग घडी न घालता कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्याय या विषयात बीए, ऑनर्ससह.